सतरा नंबरचे चिंचोके

सर, तुम्हाला जाऊन आता पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं मी तुमच्याशी धड बोलले नव्हते. रस्त्यात दिसलात की मान खाली घालून नमस्कार करायचा आणि पुढे निघायचं. तुम्ही गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाही बस पकडून येता आलं असतं, पण मी आले नाही. म्हणून हे पत्र म्हणजे वरातीमागून घोडं आहे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण या आठवड्यात एक गोष्ट कळली आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

मी आता मुरूमकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. तुमच्यासारखी गणिताची आणि खेळाची बाई. पोरं अलीकडे मधल्या सुट्टीतही भिंतीला टेकून बसतात. कुणाच्या तरी दप्तरातून मोबाईल निघतो आणि त्याच्याभोवती दहा डोकी जमतात. पळा म्हटलं की दम लागतो, पोटात दुखतं, चप्पल तुटते. मी पुष्कळ ओरडून पाहिलं. शेवटी दिवाळीनंतर भिंतीवर नकाशा काढला, आमच्या शाळेपासून कन्याकुमारीपर्यंत, आणि पोरांना सांगितलं की आपण सगळ्यांनी मिळून तिथवर पळत जायचं. मैदानाच्या चार फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. एका फेरीला एक चिंचोका डब्यात टाकायचा. रोज संध्याकाळी डबा मोजायचा आणि नकाशावरची रेघ तेवढी पुढे न्यायची. मुख्याध्यापक म्हणाले, कल्पना छान आहे, कुठून सुचली? मी म्हणाले, अशीच. तुमचं नाव घेतलं नाही. इतका जुना राग माझ्या पोटात होता.

तुम्हाला तो पत्र्याचा शेड आठवत असेलच. गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला. आमचं गाव तसं कडेला होतं, बरीच घरं उभी राहिली. आमची वस्ती कुडाची आणि पत्र्याची, ती नुसती हलली, म्हणून आम्ही वाचलो. तुमचं घर दगड-मातीचं, दोन हात जाड भिंतींचं, गावात ज्याची ऐट होती असं. ते बसलं. तुम्ही विसर्जनाला म्हणून बाहेर होता, तुमच्या घरच्या बाई ओसरीवर होत्या, आणि आत तुमची मुलगी झोपलेली होती. आमच्या वर्गातली ती एकटीच गेली. हजेरीत तिचा नंबर सतरा, माझा अठरा. आम्ही एका बाकावर बसायचो. माझ्या डब्यातली भाकरी ती खायची आणि तिच्या घरची शेंगाची पोळी मी. आमच्या दोघींच्या घरात यावरून कुरबुर झाली, पण तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत.

शाळा पुन्हा भरली ती शेडमध्ये. आम्ही एकतीस पोरं, आणि एकही पोर आवाज करत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला आणि पत्रा थरथरला की सगळी दारात. तुम्ही दोन दिवस हे पाहिलंत. तिसऱ्या दिवशी गेरू घेऊन आलात आणि पत्र्यावर लांबलचक रस्ता काढलात. वर आमचं गाव, मग सोलापूर, विजापूर, बंगळूर, मदुराई आणि सगळ्यात खाली निळ्या खडूचा समुद्र. "आपली जमीन हलली. हलू द्या. आपण तिच्यावरनंच पळत कन्याकुमारीला जाऊ," असं तुम्ही म्हणालात. आम्ही तुमच्या तोंडाकडे बघत राहिलो. आपलं लेकरू जाऊन दोन महिने झाले नाहीत तो माणूस असं का बोलतोय, हे आम्हाला उमगेना. एक म्हातारी शेडपाशी येऊन तुमच्याशी भांडलीसुद्धा.

"पोरींस्नी कशाला पळवताव सर? आदीच लेकरं भ्यालीत."

"बसून बसून भ्या अंगात मुरतंया आजी. घाम आला की निघतं ते."

आणि खरंच, निघालं. पहिला आठवडा आम्ही रडतखडत पळालो. सोलापूर आलं तेव्हा पोरांनी आरोळी ठोकली. विजापूर येईपर्यंत पत्रा वाजला तरी कुणी दाराकडे धावत नव्हतं. मोठ्यानं मोजत पळायचं, हा तुमचा नियम. एक, दोन, तीन, चार, आणि गोड्या तेलाच्या डब्यात चार चिंचोके. संध्याकाळी तुम्ही डबा पालथा घालून मोजायचा आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत आकडे लिहायचा.

पण हजेरी घेताना तुम्ही एक करत होतात. सोळा म्हटलं की त्या नंबराचा पोरगा हजर म्हणायचा. मग तुम्ही सतरा म्हणायचा. आणि थांबायचा. एक श्वास जाईल इतकंच. मग अठरा, म्हणजे मी. ती शांतता दररोज माझ्या अंगावरून जायची. बारा वर्षांच्या डोक्यात तिचा एकच अर्थ लागला: सतरा नंबर अजून पटावर आहे, आणि पटावर आहे तर तिच्याही चार फेऱ्या झाल्या पाहिजेत. नाहीतर आम्ही सगळे कन्याकुमारीला पोचणार आणि ती एकटी इथंच राहणार. मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या चार फेऱ्या झाल्या की तिच्या चार पळू लागले. माझ्या मराठीत मोजायची आणि तिच्या कानडीत, कारण तुमच्या घरात कानडी बोलायचे आणि दोरीवरच्या उड्या ती तशाच मोजायची. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मला चारच्या पुढे येत नव्हतं, पण चारचंच काम होतं. डब्यात माझे आठ चिंचोके पडायचे.

असं बंगळूरच्या जवळपर्यंत चाललं. मग तो दिवस आला. माझ्या चार फेऱ्या झाल्या आणि मी लिंबाखाली बसले. पाय घासले, पाणी प्यायले, आणि उठून डब्यात आठ चिंचोके टाकले. मागे तुम्ही उभे होता.

"किती पळालीस?"

"आठ, सर."

"आठ?"

"व्हय सर. आठ."

तुम्ही डब्यात हात घातलात, चार चिंचोके काढलेत आणि कुंपणाबाहेर भिरकावलेत. सगळा वर्ग बघत होता. "न पळलेल्या पायाचं अंतर वहीत चढत न्हाय," तुम्ही म्हणालात. "खोटं बोलून कुणी कुठं पोचत न्हाय. बस खाली." तुमचा आवाज मोठा नव्हता, पण तो कापत होता. मला वाटलं, रागानं कापतोय. घरी जाऊन आईला सांगितलं की पायात काटा मोडला होता, म्हणून बसले, आणि सर उगाच बोलले. आईनं काट्यावर उपाय म्हणून बिब्ब्याचा चटका दिला. कुठं द्यायचा ते मीच बोट ठेवून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तुम्ही सोळा म्हणालात, आणि लगेच अठरा. मधे काहीच नाही. मला हजर म्हणायला सुचेना, तर तुम्ही पुन्हा अठरा म्हणालात, वर न बघता. त्या दिवसापासून सतरा कधी आलाच नाही. माझी अशी पक्की समजूत झाली की माझ्या खोट्यामुळे तुम्ही तिला पटावरून काढलंत. आणि मग, स्वतःवर राग धरणं अवघड असतं म्हणून असेल, मी तो तुमच्यावर धरला. इतके दिवस मी ऊर फुटेस्तोवर तिच्या वाट्याचं पळाले ते दिसलं नाही, एक दिवस चुकले तो दिसला, असं मी मनाला लावून घेतलं. तिच्या फेऱ्याही सोडल्या. कन्याकुमारी आली तेव्हा तुम्ही चिक्की वाटलीत आणि तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. मी हाताची घडी घालून उभी होते. सातवी सुटताना तुम्ही सगळ्यांना पेन दिलंत आणि मला ती लाल वही. "ही तुझ्याकडं राहू दे." मला वाटलं, माझं खोटं मी जन्मभर विसरू नये म्हणून देताय. वही आईच्या ट्रंकेत तळाशी टाकली. लग्नानंतर ती ट्रंक माझ्याकडे आली, तरी वही उघडली नाही. राग जपण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, सर.

या सोमवारी माझ्या वर्गातली एक पोरगी फेऱ्या संपल्यावर माझ्याकडे आली. तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आहे, ती आता उन्हाळ्यातच येणार.

"बाई, तिचं बी म्या पळू का?"

"कशाला गं?"

"न्हायतर ती हितंच ऱ्हाईल की. आमी समदी समुद्राला."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. मग तोंडातून निघालं ते तुमचंच वाक्य, जसंच्या तसं. "पळ. पण न पळलेल्या पायाचं अंतर वहीत चढत न्हाय बरं का." ती हसली आणि पळाली. मी त्याच संध्याकाळी ट्रंक उघडली.

वहीत दोन रकाने आहेत, हजर आणि अंतर. एका पोराचा एक किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडे आकडा एकच हवा. पहिले चार दिवस तसाच आहे. पाचव्या दिवशी हजर एकतीस, अंतर बत्तीस. पुढच्या दिवशी एकोणतीस, तीस. मग अठ्ठावीस, एकोणतीस. रोज एक जास्त. तुम्ही गणिताचे मास्तर, तुमची बेरीज चुकायची नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि माहीत नसायला काय झालं? मैदानात तुमच्यापासून वीस पावलांवर माझ्यासारखी पोरगी मोठ्यानं ओंदु, एरडु ओरडत पळत होती. तुम्ही ऐकत होता आणि लिहीत होता. मी लिंबाखाली बसले त्या दिवशी फक्त एकतीस आणि एकतीस आहे. तिथं शाई जरा पसरली आहे.

मी वही मिटणार होते, कारण माझ्या हिशोबानं पुढं दोन्हीकडं सारखेच आकडे असणार होते. पण बोट खाली सरकलं. दुसऱ्या दिवशी हजर तीस, अंतर एकतीस. त्याच्या पुढच्या दिवशी एकतीस, बत्तीस. पार कन्याकुमारीपर्यंत रोज एक जास्त, एकही दिवस खाडा नाही. मी तर पळत नव्हते. मग कोण?

आणि मला टँकरची रांग आठवली, सर. भल्या सकाळी आई मला घागर घेऊन शाळेजवळ पाठवायची, टँकर तिथंच यायचा. थंडीत बनियनवर, अनवाणी, तुम्ही मैदानाला फेऱ्या घालत होता. पोट सुटलेले, गुडघ्यात अधू, पंचेचाळिशीचे तुम्ही. रांगेतल्या बाया म्हणायच्या, सरांना साखर निघालीया, डॉक्टरनं पळाया सांगितलंय. मी तुमच्याकडे पाठ करून उभी राहायचे. पण एकदा तुम्ही अगदी जवळून गेलात तेव्हा तुमचे ओठ हलताना मी पाहिले होते. दम लागला असेल, असं मला वाटलं. आता त्या ओठांवर काय होतं ते कळतं. मी चुलीसमोर वही मांडीवर घेऊन बसले आणि रडले.

तुम्ही तिला काढलं नव्हतंत. माझ्याकडून काढून घेतलंत फक्त. बारा वर्षांच्या पोरीनं मेलेल्या मैत्रिणीचं ओझं घेऊन बंगळूरपर्यंत पळणं पुष्कळ झालं, असं तुम्हाला वाटलं असेल. किंवा दुसऱ्याच्या लेकराला दमवून आपलं लेकरू चालवतोय, याची शरम वाटली असेल. मला नक्की सांगता येत नाही. विचारायला हवं होतं, आणि त्यासाठी मला बरीच वर्षं मिळाली होती. तुम्ही गावातच होता. बाईंच्या हातचा चहा पिता पिता विचारता आलं असतं. आपण दोघं मिळून तिच्याबद्दल बोललो असतो. तुमच्यासमोर तिचा विषय काढायचा नाही, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. तुम्ही ती वही देऊन माझ्यापुढे तो काढलात आणि मी ट्रंकेचं झाकण लावलं.

आमची पोरं आज सोलापूर ओलांडून गेली. ऊसतोडीला गेलेल्या मुलीचा किलोमीटर मी वहीत रोज लिहिते, आणि ती पोरगी पळते की नाही ते लांबून बघते. थकली की बसव, असं स्वतःला बजावून ठेवलंय. उरलेलं मी पळेन, माझेही गुडघे आता तुमच्यासारखेच झालेत. हे पत्र लाल वहीत, त्या शाई पसरलेल्या पानावर ठेवते. तुमच्या घराच्या जागी आता दुसऱ्याचं दुकान आहे, तिथं कुणाला द्यायचं?

एक राहिलं. मी आईला सांगितलं, पुढे नवऱ्याला, पोरांनाही गोष्ट म्हणून सांगितलं की त्या दिवशी पायात काटा मोडला होता. इतक्यांदा सांगितलं की मलाही तो टोचलेला आठवायला लागला. काटा नव्हता, सर. मला तिच्या वाट्याचं पळायचा कंटाळा आला होता.