कोऱ्या पंखांच्या माशा

३ मार्च
आज माझ्या नळीतल्या दोन माशा मेल्या. शेजारच्या नळ्यांतल्या साध्या फळमाशांपैकीही दोनच. म्हणजे फरक शून्य! माशीच्या आतड्यात लायसोझाइम बनतं, ते गिळलेले जिवाणू फोडून पचवतं. माझ्या माशांतून ते बनवणारी जनुकंच काढून टाकली — तरी बाईसाहेब मजेत जगतात आणि वेळेवर मरतात. चार वर्षं पाण्यात. सर म्हणाले, "फरकच नाही तर प्रबंध कसला लिहिणार?"

माशांचं खाणं शिजवणाऱ्या मावशींसमोरच रडू फुटलं. लाज वाटली.

६ मार्च
माझ्या एक्केचाळीस. एकही मेली नाही.

१७ मार्च
अजूनही एक्केचाळीस. साध्या माशा मात्र पटापट मरताहेत. सर खुशीत — स्वतःहून चहा पाजला, म्हणजे बघा. "म्हातारपणाची किल्ली आतड्यात निघाली," म्हणाले.

मला ती नळी हातात धरवत नाही. नळी आपटली की माशा तळाशी पडतात, मग वर चढतात. म्हाताऱ्या अर्ध्यातच थकतात. ह्यांतल्या बहुतेक सरळ बुचापर्यंत गेल्या. ऐंशी दिवसांच्या! त्यांतल्या दहाएक भिंगाखाली पाहिल्या. या वयात पंखांच्या कडा फाटतात. ह्यांचे कोरे.

२० मार्च
साध्या माशा घुसल्या असतील म्हणून तीन चिरडून तपासल्या. जनुकं नाहीतच. माझ्याच माशा.

घरी फळांवर चिलट बसलं होतं. मारवेना. आई म्हणाली, "भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

२६ मार्च
सरांनी निकाल परिषदेला पाठवला. माझं नाव पहिलं. भीती वाटते, आणि आनंदही होतो.

२७ मार्च
आज तासभर लवकर गेले. मावशी माझ्या टेबलाशी. माशा गारठून निपचित पडाव्यात म्हणून नळी बर्फावर ठेवलेली, हातात बारीक कुंचला.

"मावशी, काय करताय?"

दचकल्यासुद्धा नाहीत. "मेलेली काढतेय, ताई. तुम्ही यायच्या आत तिच्या जागी ताजी घालते. त्याच जातीची हो, मोठ्या बाटलीतली. चिठ्ठी वाचूनच घेते." मग हळू आवाजात, "तुम्ही रडलात ना, मला बघवलं नाही."

खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. आत मेलेल्या माशा, पंख फाटलेले. मोजल्या. एक्केचाळीस. म्हणजे चिरडलेल्या तीनही ताज्याच होत्या. नळीतली आता एकही माझी नाही.

सरांना सांगायला दोनदा उठले. दोनदा बसले.

३० मार्च
मावशी सुट्टीवर. सकाळी नळीत एक मेलेली दिसली. सर यायच्या आत मी दुसरी घातली.