टेप लताबाईंकडे जाईल

मी, स्नेहल साधना पगारे, वय २९, स्थापत्य अभियंता, राहणार जेलरोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. लिहिण्यासाठी कोणाचा दबाव नाही. दबाव आहे तो गप्प बसण्यासाठी. गेल्या मंगळवारी अतिक्रमण निरीक्षकांचा माणूस माझ्या स्कूटरपाशी येऊन म्हणाला, "मॅडम, डंपर लय वाढलेत. जपून चालवा." म्हणून हा कागद आजच करते.

१. फ्लॅट आणि बँकेतील शिल्लक माझी आई साधना हिला मिळावी. आई, स्कूटर विकू नकोस. चालवायला शीक.

२. माझा स्टीलचा टेप पिठाच्या गिरणीच्या लताबाईंना द्यावा. निरीक्षक दुकान नुसत्या नजरेने मोजतात, "तीन फूट बाहेर" म्हणतात आणि पाकीट मागतात. मी आणि दुकानदार त्यांच्यासमोर टेप लावतो, माप लिहितो आणि त्यावर त्यांची सही मागतो. सही म्हटले की ते निघून जातात. पहिल्या मोजणीत चूक माझी झाली. भिंतीपर्यंत मोजायचे ते मी पायरीच्या कडेपर्यंत मोजले आणि माप नऊ इंच जास्त भरले. त्या नऊ इंचांवर बोट ठेवून त्यांनी लताबाईंची शेड पाडली. लताबाई एवढेच म्हणाल्या, "पोरी, आता मला शिकव." आज त्यांचे माप माझ्यापेक्षा अचूक येते.

३. मोजणीची फाईल आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांची सामाईक राहील. तिची एक प्रत निरीक्षकांना भेट द्यावी. प्रत्येक पानावर त्यांच्या सहीची जागा कोरी आहे. त्यांनी ती सगळी पाने एकदा सलग पाहावीत.

४. निरीक्षकांविरुद्धच्या आमच्या तक्रारीच्या बावीस तारखेच्या सुनावणीला मी नसले, तरी पुढची तारीख मागू नये. तक्रारीवर माझे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. दुकाने पंधरा, अर्जदार चौदा. मला उडवून एकही अर्ज कमी होणार नाही, हे डंपरवाल्याला कळवावे.

५. पंधरावे दुकान झुंबरकाकांचे, सलून. त्यांना काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला लाभ नसावा. सहा वर्षे ते म्हणत आले, "ताई, चहा घ्या, खुर्ची घ्या, पण सही नका मागू." आज मी साक्षीदार शोधतेय हे कळल्यावर त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "आणा इकडं. आन् तो पंधरावा अर्जबी आणा."

नाशिकरोड, ९ नोव्हेंबर २०२५
सही: स्नेहल साधना पगारे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. डॉ. अंजली धम्मपाल गांगुर्डे
२. झुंबर किसन बिडवे, सलून, अर्जदार क्र. १५