बर्गनचा धक्का

१० सप्टेंबर. बर्गन, नॉर्वे.
पोचलो. पाऊस. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आमच्या मुलीने, रिद्धीने, दोघांची ट्रिप बुक केली. दोन दिवस हे जुनं गाव, मग किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला बोट. निघताना किर्ती म्हणाली, परत आल्यावर ती वांगणीला बहिणीकडे राहणार, कायमची. रागात बोलली असेल. बोटीवरून कुठे जाणार? तिथे समजावतो.
संकल्प: कमी बोलायचं. तिचं ऐकायचं.

संध्याकाळी.
धक्क्यावरची जुनी लाकडी घरं बघितली. लाल, पिवळी, एकमेकांवर रेललेली. किर्ती एका घरापुढे उभीच राहिली. मी म्हटलं, हे स्ट्रक्चर आपल्या चिखलोलीत एका पावसात बसलं असतं. सोसायटीच्या कमिटीत असल्याने मला यातलं कळतं. ती पुढे निघून गेली. चालायची हौस आहे तिला.

११ सप्टेंबर.
नाश्त्याला माझं कडक मौन. तिने विचारलं, राग आलाय का. मग सगळं एक्स्प्लेन करावं लागलं. तिचा चहा गार झाला.
दुपारी डोंगरावर. वरून सगळं गाव दिसतं. ती म्हणाली, इथे किती शांत वाटतं. मी लगेच हो म्हटलं. मग कॅम्प तीनच्या बाजारातल्या आपल्या झिप-बटणांच्या दुकानाचा विषय निघाला. मीच काढला. ती गेल्यावर गल्ल्यावर कोण बसणार? ती धुक्याकडे बघत होती. ऐकत असावी.

१२ सप्टेंबर. दुपार.
आज बोट. किर्ती म्हणते, बोट दुसऱ्या धक्क्यावरून सुटते, तिकिटावर लिहिलंय. एवढा फेमस धक्का सोडून? वाद नको म्हणून तिला तिकडे जाऊ दिलं. माझा मोठेपणा. येईल परत.

संध्याकाळी.
बॅग घेऊन उभा. छत्री तिच्याकडे. बोट दिसली. लांब, निघालेली.
फोन केला. म्हटलं, उद्या विमानाने पुढचं बंदर गाठतो, घाबरू नकोस.
ती म्हणाली, "येऊ नका. मी घाबरले नाहीये. मला बरं वाटतंय."
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

१३ सप्टेंबर.
रिद्धीचा फोन. आईने तिलाही तेच सांगितलं. माझं मुंबईचं तिकीट तिने अलीकडच्या तारखेचं करून ठेवलंय. पप्पा, जेवून घ्या, म्हणाली.
काल वारा नव्हता.