गोविंदकाका खर्रा खात होते का?

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहावं असं पुष्कळदा वाटलं. आज लिहायला बसले ते काल दुपारी तुमची चौकशी झाली म्हणून. चौकशी तशी गोविंदकाकांच्या विम्याची होती. पण तो विमा तुम्ही उतरवलेला, तेव्हा मला ती तुमचीच वाटली.

तुमचे जिवलग दोस्त पोळ्यानंतर गेले. हातमागावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि संपलं. विमा नवा, म्हणून कंपनीने तपासाला माणूस पाठवला. शांताकाकूंचं पुढचं सगळं त्या एका दाव्यावर. आणि तुमची एजन्सी आता मी चालवतेय, म्हणून साहेबांना घरोघर फिरवायचं काम माझ्याकडे!

साहेबांचा प्रश्न एकच. गोविंद तंबाखू खायचे का?

बाबा, अर्जात ‘नाही’ असेल आणि खायचे असं निघालं, तर दावा बुडणार. पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात नसेल तर काका ओळखू तरी यायचे का? पण आपल्याकडे खर्र्याला तंबाखू मानतो कोण! म्हणून तर बाकीचे एजंट अर्जात बिनदिक्कत ‘नाही’ लिहितात. हप्ता कमी बसतो, गिऱ्हाईक खूश. तुम्ही म्हणे ‘हो’ लिहायचात. म्हणे!

खरं सांगू? माझा त्यावर कधी पुरता विश्वास बसला नाही. लहानपणी तुम्ही पार आंबागडपर्यंत सायकल मारून रिकाम्या हाताने परत यायचात. आई विचारायची, "काहून, यानं बी विमा नाही काढला?" तुम्ही हसायचात. "खर्रा लिहिला न, पळाला. येईन तो वापस."

आणि खरंच, काही वर्षांनी ते एकेक करून यायला लागले. आई देवापुढे साखर ठेवायची आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायचा. हे आले कसे? बाबाही शेवटी इतरांसारखेच झाले की काय? मी खोदून खोदून विचारायचे आणि तुम्ही म्हणायचात, "पोट्टे, तू पोलिसात भरती हो."

त्यात गोविंदकाका म्हणजे दोस्त. दोस्तासाठी माणूस काय करत नाही? काकूंनी दाव्यासाठी कागद दिले तेव्हा अर्जाचं ते पान मी उघडलंच नाही. भीती वाटली. पाकीट तसंच कंपनीला धाडलं.

गावालाही हाच संशय असावा, कारण सगळे काकूंच्या बाजूने उभे राहिले. पानठेलेवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "गोविंदा? जिंदगीत त्याले खर्रा देल्ला नाही, साहेब!" शेजारचा त्याच्याही पुढे. "सुपारीचं खांड बी तोंडात नाही टाके." ऐकता ऐकता साहेबांचा चेहरा कडक होत गेला. झालं, ओळखलं यांनी, असं मला वाटलं.

शेवटी काकूंचं घर. मी डोळ्यांनी खुणावत होते. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"खात होते. सकाळपासून. त्याहिचे सदरे घासू घासू हात दुखले माहे."

गेला दावा, मी मनात म्हटलं.

साहेबांनी मात्र मोठ्ठा श्वास सोडला. "बरं झालं बाई, बोललात. अर्जात खर्रा स्पष्ट लिहिलाय, हप्ताही तसाच घेतलाय. सगळं गाव नाही म्हणतंय, तेव्हा मला वाटायला लागलं, विमा एकाचा आणि गेला दुसराच कोणी की काय! काळजी करू नका, मी अहवाल तसा देतो."

ते गेल्यावर मी काकूंवर उखडले. भीती नाही वाटली तुम्हाला?

"कायची भीती? तुह्या बाबानं मले चुलीपासून उठवून समोर बसवलं होतं. म्हने, वहिनी, हा गेल्यावर मी असो नसो, लोक तुमालेच विचारतीन. मी काय लिहून राहिलो ते तुमी आयका. हप्ता वाढला म्हनून हे लय दिवस तुह्या बाबाशी बोलले नाही. तरी त्यानं खोडलं नाही."

बाबा, तिथेच काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. आणि रागही आला तुमचा. मला का नाही सांगितलंत हे? की सांगूनही ही मानणार नाही, हे ठाऊक होतं?

उद्या भंडाऱ्याला एका भांडीवाल्याकडे जायचंय. फोनवर म्हणाला, "मॅडम, मले कोनतंच व्यसन नाही." बोलताना तोंड भरलेलं होतं! त्याच्या बायकोला समोर बसवल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढणार नाही, हा माझा शब्द. संशय घेणं काही सोडत नाही, आपल्या धंद्यात तो लागतो. तुमच्यावर मात्र पुन्हा कधी घेणार नाही.

तुमचीच,
वैशू