धुण्याच्या दगडाखालचं झाकण

प्रिय ताई, आणि ताईच्या खांद्यावरून डोकावून वाचणारे दाजी,

दाजी, तुम्ही डोकावताय हे मला इथून दिसतंय. खुशाल वाचा, निम्म्याहून जास्त पत्र तुमच्यासाठीच आहे. फक्त शेवटचा कागद वेगळी घडी घालून ठेवलाय, तो ताईचा. तो तेवढा तिला एकटीला वाचू द्या.

ताई, माझं अक्षर बघून तुला आधी हसू येईल. शाळेत मी कधी एका बाकावर नीट टेकलो नाही, म्हणून गुरुजींनी नाव ठेवलं भिंगरी, आणि तेच चिकटलं. इथले खोलीतले दोस्तही मघापासून टर उडवतायत, की भिंगरी बसलाय, आणि तोही पेन घेऊन, नक्की कुठेतरी जमलंय. मी म्हटलं, जमलंय, तुम्ही झोपा. आधी कामाचं सांगतो, मग बाकीचं. रविवारी दाजींनी मागच्या अंगणातल्या संडासाच्या टाकीत उतरायचं नाही. कमरेला दोरी बांधून नाही, तोंडाला ओलं फडकं बांधून नाही, पटकन जाऊन येतो म्हणून नाही. वाकून आत तोंडसुद्धा घालायचं नाही. पत्र आपल्याकडे माल घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरभाऊंच्या हाती देतोय. शनिवारी ते तुमच्या दारात उभे राहतील. त्यांना मी तुझी शपथ घातलीय, तुला न विचारता.

हे सगळं फोनवर सांगणार होतो, पण फोनचं काय झालं ते तू ऐकलंसच. मी नको नको म्हणतोय आणि दाजींनी फोन हातात घेऊन त्यांच्या सगळ्या सुतारकारखान्याला ऐकू जाईल असं विचारलं, की मेहुणेबुवा, शहरात जाऊन तुम्ही गटारं साफ करता की गटारांना भिता. मागे त्यांचे दोन कारागीर हसले. मीही हसलो. नंतर लावला तेव्हाही तेच. फोनवर माणूस हसतो, ताई, आणि हसला की त्याचं म्हणणं वाऱ्यावर जातं. कागद हसत नाही, म्हणून कागद.

दाजी, मला तुमचा हात माहीत आहे. तुम्ही रंधा फिरवलेल्या दाराला कागद सरकायला फट नसते. आणि सासऱ्याच्या घरात राहतो म्हणून शेजारी काय बोलतात, तेही मला माहीत आहे. म्हणून या घराचा खिळासुद्धा दुसऱ्या कुणी ठोकलेला तुम्हाला चालत नाही. छप्पर तुम्ही नवं केलंत, मोरीची फरशी तुम्ही घातलीत, आता टाकीही तुम्हीच बघणार. पण लाकूड आणि मैला यांत फरक आहे. लाकूड चुकलं तर परत कापता येतं.

आपल्या घराला काय झालंय ते मी इथे बसून सांगू शकतो, कारण मी दिवसभर हेच बघतो. ताई म्हणाली, सिंकमध्ये पाणी ओतलं की न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, आणि कपडे धुतले की तेच पाणी जाळीतून वर येतं. म्हणजे सिंकची काही चूक नाही. एकच नळी तुंबली असती तर एकच जागा अडली असती. सगळीकडून कुरकुर येतेय म्हणजे पुढे जायलाच जागा नाही. टाकी भरलीय. भरणारच. बाबा गेल्यानंतर आईने झाकणाच्या कडा सिमेंटने लिंपून घेतल्या आणि वर धुण्याचा दगड आणून बसवला. कुणी टाकीचं नाव काढलं की ती उठून आत जायची. टाकी उपसायची असते हे आपण दोघंही विसरूनच गेलो. आई होती तोवर त्या दगडाला कुणी हात लावला नाही. खाली गाळ साचत राहिला, वर साय धरत राहिली, आणि आपण त्याच्या डोक्यावर बसून कपडे आपटत राहिलो.

त्यात दाजींनी गच्चीवर वास येतो म्हणून हवेच्या पाईपच्या तोंडाला प्लास्टिक गुंडाळून वर तार आवळली. दाजी, रागावू नका. इथेही अर्ध्या इमारतींत लोक हेच करतात आणि मग आम्हाला बोलावतात. तो पाईप म्हणजे टाकीचं नाक. ते दाबलंत तर ती तोंडाने श्वास घेणार, आणि तिचं तोंड तुमच्या न्हाणीघरात आहे. जाळीखालच्या वाकात थोडं पाणी कायम उभं असतं, त्यानेच वास अडतो. पाईप बंद केला की खालून ओढ बसते आणि ते पाणी उपसलं जातं. म्हणून घरात वास आला. तो घालवायला तुम्ही ॲसिडची बाटली ओतलीत, आणि ताई म्हणाली की त्या दिवशी सगळ्यांचे डोळे चुरचुरले. ॲसिड मैल्याला लागलं की खालचा गॅस अजून उठतो. पहिलं काम हे करा, की गच्चीवर जाऊन ती तार तोडा, आणि ॲसिड घराबाहेर ठेवा. ताई, तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतत असशील तर तेही बंद कर. गरम असतं तोवर ते वाहतं, पुढे जाऊन मेणासारखं बसतं. आमचा मुकादम म्हणतो, लोकांना वाटतं नळीच्या पलीकडे जग संपतं.

आता मुकादमाचं सांगतो, म्हणजे मी का एवढा हबकलोय ते कळेल. हा माणूस तोंडाचा फाटका. कुणाला सरळ हाक मारणार नाही. मला म्हणतो, पळपुटा, कारण याआधी मी कुठलंच काम धरून ठेवलं नाही. पण चेंबरचं झाकण उघडलं की तो एकदम गप्प होतो. आधी लांब उभा राहतो. मग दोरीला एक छोटी पेटी बांधून खाली सोडतो. आत वाईट हवा असेल तर ती किंचाळते. परवा एका दवाखान्यामागचं चेंबर उघडलं. झाकण सरकवताना सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी नाक दाबून तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने काहीच नाही. साधी हवा, झाडाचा वास येईल अशी. मी म्हटलं, निघून गेला वाटतं. आणि तेवढ्यात खाली पेटी किंचाळायला लागली. थांबेचना. मुकादमाने मला कॉलर धरून मागे खेचलं आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "गॅस गेला नाही, तुझं नाक गेलं. वास येतोय तोवर तू जिवंत आहेस हे समज. वास गेला की पळ."

मी फुटपाथवर बसलो. उठताच येईना. बाकीचे हसले, की पळपुट्याला पळताही येत नाही. त्यांना वाटलं, मी चेंबरला घाबरलो. चेंबरला नाही घाबरलो, ताई. तेव्हा कशाला घाबरलो ते शेवटच्या कागदावर लिहिलंय.

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. तू सहज सांगत होतीस, की दाजींनी कारागिरांच्या मदतीने दगड सरकवला, सिमेंट फोडलं, झाकण वीतभर उचललं आणि वाकून बघितलं. म्हणे पहिल्यांदा डोकं भणाणलं, पण मग वास आलाच नाही, मोकळा झाला. म्हणून झाकण परत ठेवलं, मांजर पडायला नको म्हणून वर दगड सरकवला, आणि आता रविवारी सुट्टी बघून उतरणार. दाजी, वास मोकळा झाला नव्हता. तुम्ही तेव्हाच मरता मरता वाचलात. झाकण उचलून धरताना हात दुखला असेल म्हणून लवकर ठेवलंत, त्या दुखणाऱ्या हाताचे उपकार माना.

तुम्ही म्हणाल, आम्ही आधी पेटता दिवा सोडून बघू, विझला नाही तर उतरू. नका. हा गॅस दिवा न विझवता माणूस विझवतो. आणि दुसरा एक गॅस असतो तो दिव्याने भडकतो, मग झाकणासकट तुम्ही गच्चीवर. रात्रभर उघडं ठेवून वारा लागू दिला तरी चालत नाही, कारण जड हवा तळाशी बसून राहते, आणि गाळ ढवळला की नवीन उठते. तुमच्याकडे नगरपालिकेची मैला उपसायची गाडी आहे. तिची जाड नळी वरून सोडतात, माणूस वरच राहतो. गाडीवाल्यांना बोलवा. ते आले की झाकण त्यांना काढू द्या, तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसा आणि त्यांच्या कामात खोड्या काढा, तेवढं तुम्हाला छान जमतं. हे घर तुमचंच आहे, दाजी. ते सिद्ध करायला त्याच्या पोटात उतरावं लागत नाही.

आता ताईचा कागद.

ताई, बाबा टाकीत उतरले त्या दिवशी मी भिंतीवर बसलो होतो. मी लहान होतो म्हणून मला काही आठवत नसेल असं सगळे धरून चालले, आणि मीही चालू दिलं. मला त्यांची बनियन आठवते, पाठीवर भोक पडलेली. झाकण काढल्यावर त्यांनी नाकाला हात लावला, मग थोडं थांबले, आणि माझ्याकडे बघून खुशीत म्हणाले, "वास गेला बघ. उतरतो मी." एवढंच. तुला त्यांनी आधीच दोरीची बादली आणायला पाठवलं होतं, ती शेजारच्या काकूंकडे होती, आणि काकूंचं पाणी भरून व्हायचं होतं म्हणून तू तिथे थांबलीस. परवा फुटपाथवर मुकादमाचं बोलणं ऐकलं आणि बाबांचा आवाज जसाच्या तसा कानात आला. डॉक्टर म्हणाले होते छातीत कळ आली. छाती नव्हती, ताई. नाक होतं.

लोक तेव्हा काय बोलले ते मी ऐकलंय. पोरगी जरा लवकर आली असती तर. आई कधी बोलली नाही, पण तिने ते खोडूनही काढलं नाही. तेव्हापासून तू धावतेस. कुणी हाक मारली की हातातलं टाकून धावतेस. फोनसुद्धा धापा टाकत उचलतेस. मला वाटायचं तुझा स्वभावच तसा. मी भिंगरी खरा, पण मी नुसता फिरतो. धावत तू असतेस, त्या बादलीपासून. तर ऐक. ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचलेच नाहीत. दोन श्वासांत गेले. हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही, मी भिंतीवरून बघत होतो, त्यांनी हाक मारली नाही. तू बादली घेऊन उडत आली असतीस तरी ते गेलेच असते. आणि तू वेळेवर आली असतीस तर काठावर थांबली नसतीस. तू त्यांच्यामागे उतरली असतीस. इथे चेंबरमधून एकटाच मेलेला माणूस क्वचितच निघतो, ताई. दुसरा पहिल्याला वाचवायला गेलेला असतो. काकूंच्या पाणी भरण्याने तुला वाचवलं, आणि मला बहीण ठेवली.

म्हणून हे पत्र. दाजी हट्टी आहेत, पण ते ऐकतील, त्यांना लेखी म्हणणं कळतं. मला खरी भीती त्यांची नाही. दाजींनी तुला वर दोरी धरून उभं राहायला सांगितलंय असं तू म्हणालीस, आणि भीती त्याची आहे. कारण ती दोरी सैल पडली तर तू काय करशील ते मला माहीत आहे. या वेळी तू उशीर करणार नाहीस. मुकादमाकडे रजा मागितलीय. तो म्हणाला, जा पळपुट्या, या वेळी घराकडे पळ. रविवारची सकाळ गाठायला बघतोय, पण गाडीचा भरवसा नाही. तोवर एक कर. उजाडलं की धुणं घेऊन मागे जा आणि त्या दगडावर बस. धुणं संपलं तरी बस. दाजी ओरडले, शेजारी जमले, फोन वाजला, कुणी कितीही घाईने हाक मारली, तरी उठू नकोस. मी अंगणात दिसेपर्यंत, ताई, आयुष्यात एकदाच, कुणासाठीही धावू नकोस.

तुझाच, तू थांबलीस म्हणून ज्याला बहीण उरली तो,
भिंगरी