पुट्टीवरचा अंगठा

३ मार्च

फोरमनची जागा गेली. म्हणजे मला मिळाली नाही. या काचेच्या कारखान्यात मी सगळ्यांत जुना. अर्ध्या शहराच्या खिडक्यांना माझा हात लागलाय. आणि मालकाने आणून बसवला कोण, तर तिकडचा एक! मला माणसामाणसांत फरक केलेला बिलकुल खपत नाही. पण तिकडचा तो तिकडचाच. रंग काळा कुळकुळीत, बोलायची ढब निराळी, आणि हसतो इतका मोकळेपणाने की संशयच यावा.

बातमी शांतपणे घेतली. घरी आल्यावर डबा भिरकावला, तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर गेला. खिडकी बंद होती. बायको म्हणाली, काचवाल्याच्या घरात आता काच कधी बसणार? म्हटलं, रविवारी.

निश्चय: हातघाईवर यायचं नाही. माणसाला डोक्याने मारायचं.

५ मार्च

प्लॅन तयार. फोरमनची बायको दुपारी त्याचा डबा घेऊन फाटकाशी येते. कटिंग टेबलवरचा कुरळ्या तिच्याशी बोलतो. कुरळ्या लग्नाच्या वयाचा, हसरा, सगळ्यांचा लाडका. एका दगडात दोन. नवऱ्याच्या कानात एक थेंब सोडायचा, बाकी तो आपण होऊन जळतो. सायकॉलॉजी.

फोरमनला गाठलं. म्हटलं, लहान तोंडी मोठा घास, पण वहिनी आणि कुरळ्या... पुढचं मुद्दाम गिळलं. त्याने हातातला टेप खाली ठेवला आणि फाटकाकडे तोंड करून ओरडला, अगं, हे दादा म्हणतायत तुझं आणि कुरळ्याचं काहीतरी आहे! तिला हसून हसून उचकी लागली. कुरळ्याने तिला पाणी दिलं (पुरावा!). मग तिघेही हसले. फोरमनने माझ्या पाठीत प्रेमाने एक थाप घातली. पाठ अजून ठणकतेय.

या लोकांना साधा संशयसुद्धा धड घेता येत नाही. संस्कारच नाहीत.

७ मार्च

चूक सापडली. नाव घेतलं, तिथे फसलो. आता खालून सुरुंग लावायचा. ट्रकच्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन म्हटलं, आपल्या इथल्या एका मोठ्या माणसाची बायको कुरळ्याबरोबर फिरते. कुणाला बोलू नकोस. कोण, कोण, म्हणून तो मागेच लागला. मी फक्त डोळे मिटले. नाव नाही म्हणजे पुरावा नाही. ड्रायव्हर इतक्या घाईने गेला की गाडीचं दार लावायचं विसरला.

रविवारी काच बसवायची होती. पण डोकं मोठ्या कामात असताना अशी किरकोळ कामं जमत नाहीत. खिडकीला पुठ्ठा लावलाय.

१० मार्च

परिणाम दिसू लागला. मी आत शिरलो की सगळे गप्प. भट्टीवाल्याने स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. शिपायाने खुर्ची पुसून दिली. फोरमन गडगडतोय आणि जनता माझ्याकडे आशेने पाहतेय.

पॅकिंगवाला माझ्याकडे बघून उगाच च् च् करत होता. कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. फक्त शिस्तीसाठी.

११ मार्च

भट्टीवाला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, दादा, मन घट्ट करा, सगळ्यांना कळलंय. काय कळलंय? वहिनी आणि कुरळ्या. कुठली वहिनी? तुमच्या घरची.

मी त्याचा गळा धरला. चौघांनी सोडवला.

मग शांत बसून विचार केला. मी उठवलेली बातमी फोरमनच्या बायकोची. ती मी रचलेली, म्हणजे खोटी. ही माझ्या बायकोची. ही मी रचलेली नाही. म्हणजे खरी. शिवाय कुरळ्या बायकांच्या बाबतीत कसा आहे, हे आता सगळा कारखाना बोलतोय. आगीशिवाय धूर निघत नाही. माणसाची माझी पारख चुकली नव्हती, हे मात्र सिद्ध झालं.

चिरून टाकीन त्याला.

१२ मार्च

लवकर घरी गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत नवी काच! पुट्टी ओली. कडेने हात फिरवला. कोपऱ्यात अंगठा दाबून वर उचलायची लकब एकाचीच. काम मीच शिकवलंय त्याला, त्याचा अंगठा मी अंधारात ओळखेन.

बायकोला विचारलं, कोण आलं होतं? ती सरळ म्हणाली, कुरळे भावजी. तुमचा रविवार काही उजाडेना, म्हणून ते बसवून गेले. चहासुद्धा घेतला नाही. चहा का नाही घेतला? चोराच्या मनात चांदणं!

काचेवर बुक्की मारली. मग खुर्ची आपटली, मग फळी उपटली, भांडी घरभर. बोटांतून रक्ताची धार. आणि माझा हात तिच्यावर उठला. उठला, पण मी आवरला. म्हणजे तिने मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात जड पातेलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, पुन्हा हात उचललात तर मी या घरात दिसणार नाही.

बायका रागात असं बोलतातच. जाणार कुठे? माझ्यावर जीव आहे तिचा. आणि माझा तिच्यावर आहे म्हणूनच तर हे सगळं.

निश्चय: हात उचलायचा नाही. (तिच्यावर.)

१५ मार्च

डाव्या हाताने लिहितोय. इस्पितळ.

काल दुकानाच्या दर्शनी भागाची मोठी काच उचलायची होती. पुढे कुरळ्या, मागे मी. दैवानेच आणून दिला म्हटलं. आमच्यात रीत अशी की काच हातात असताना फक्त पुढच्याने बोलायचं. मी मागून विचारलं, माझ्या घरात काय करत होतास? तो म्हणाला, दादा, पुढे पायरी आहे. असली टाळाटाळ! मी एक हात सोडला आणि ठोसा मारला.

काच निसटली. निसटलेल्या काचेला हात लावायचा नाही, मागे उडी मारायची, हे मी प्रत्येक नव्या माणसाला ओरडून शिकवतो. मी धरली. दंडापासून मनगटापर्यंत चिरला गेलो. रक्त भिंतीवर, ट्रकवर. कुरळ्याचा कान अर्धा लोंबत होता आणि तोच पट्टी आणा, पट्टी आणा म्हणून ओरडत होता.

फोरमनने माझा दंड दोन्ही मुठींत आवळला. ट्रकमध्ये सगळ्या रस्त्याने सोडला नाही. मी बजावलं, तिकडच्यांची मदत मला नको. त्यानंतर थोडा वेळ बेशुद्ध होतो.

१७ मार्च

संध्याकाळी सगळे भेटायला आले. बायकोही होती, पलंगाच्या पायथ्याशी उभी. फोरमनला विषय तिथेच काढायचा होता. भट्टीवाल्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? शिपायाने. शिपायाला? ड्रायव्हरने. ड्रायव्हर चुळबुळला आणि म्हणाला, दादांनीच की.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कायद्याचा मुद्दा काढला की मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, इथला मोठा माणूस मीच, असं तुम्हीच रोज सांगता. मग आम्ही दुसरं कोण समजणार? कानाला बँडेज बांधलेला कुरळ्या खाली बघत होता. फोरमन म्हणाला, खिडकीला पुठ्ठा आहे असं वहिनींनी कारखान्यात फोन करून सांगितलं, म्हणून काच देऊन मीच त्याला पाठवलं होतं. मग हळूच म्हणाला, दादा, माझ्या कानात घातलंत तेव्हा मी बायकोलाच विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत?

म्हटलं, विचारलं ना.

बायको म्हणाली, विचारलं नाही. फोडलं.

एवढंच बोलली आणि निघून गेली. चिडली असेल. चार दिवसांत निवळेल.

२४ मार्च

घरी आलो. दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, काच उचलणं विसरा.

मेहुणा तिचे कपडे न्यायला आला होता. नेहमी दाजी, दाजी करणारा, आज खाली मान घालून बॅग भरत राहिला. तिला सांगायला मी मोठं भाषण तयार ठेवलं होतं, त्यात थोडी तिचीही चूक घेतली होती. त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, कधी येणार तेवढं विचार. तो म्हणाला, तुम्ही हे विचाराल असं तिने सांगितलंय. आणि उत्तर देऊ नकोस असंही.

तो गेल्यावर रडलो. बराच वेळ.

मग शेजारीण डोकावली, दार असं सताड उघडं का म्हणून. म्हटलं, ही येईल ना, तिला वाजवत बसायला नको. ती हो म्हणाली आणि घाईने गेली.

कडी जड आहे. या हाताने लागत नाही.