सॉक्सला सही मिळेना

१२ एप्रिल १९९९
झालं! आमच्या सुप्याच्या कारखान्यात एक फोन, एक मोडेम, पाच कॉम्प्युटर. मोडेमवाल्या मशीनवर प्रॉक्सी, म्हणजे मधली दलाल, बसवली. बाकी चौघांनी तिच्यामार्फत इंटरनेट मागायचं. वर्क्स मॅनेजर वैजनाथसाहेब भलतेच खूश. "सगळ्यांना एचटीटीपी! एक कंपनी, एक नियम." नियम लगेच आयएसओच्या फाईलीत, वर लाल शिक्का.

१३ एप्रिल
एचटीटीपीतून वेबपानं दिसतात, पण मेल जात नाही! त्याला सॉक्स नावाचा दुसरा प्रोटोकॉल लागतो. साहेबांना सांगितलं. "त्यात कोण काय बघतं ते कळतं का?" म्हटलं, फारसं नाही. "मग नको."
मी काढलेलं पंपाचं ड्रॉईंग कोइमतूरच्या गिऱ्हाइकाला शुक्रवारपर्यंत मेलनं पोचायला हवं. पोचलं तर मी पर्मनंट, हे साहेबांनीच कबूल केलंय. वर्षभर ट्रेनी म्हणून राबतेय मी. जीव टांगणीला लागलाय.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. मिरवणुकीतही डोक्यात सॉक्सच. आई म्हणाली, "अगं, जयभीम तरी म्हण!"

१५ एप्रिल
नियम बदलायचा तर फॉर्म. फॉर्मवर चार सह्या. चौथी भीमा फोरमनची, आणि तो गेलाय घोडेगावच्या बाजारात, बैल घ्यायला!
वैतागून गेटवर सूर्यभानमामांना सगळं सांगितलं. वॉचमन माणूस, पण एका दमात म्हणाले, "म्हंजी एक वाचमन पिशवी उघडून बघतो, ठराविक मालच सोडतो. दुसरा नुसतं कुठं चालला इचारतो आन् सोडतो. व्हय ना? मग जसं काम तसा वाचमन ठिवा की!"
साहेबांना हे तीन मीटिंगांत कळलं नाही. मामांनाच मॅनेजर करा, बाई!

१६ एप्रिल
पाच वाजले, सही नाही. म्हटलं, गेला उडत तो शिक्का! वेब बघायची मशीनं एचटीटीपीवरच ठेवली, ड्रॉईंगचं मशीन गुपचूप सॉक्सवर टाकलं. ड्रॉईंग गेलं — एक गिऱ्हाइकाला, एक पुण्याच्या हेडऑफिसला. वीस मिनिटं फोन अडकला. साहेब ओरडतायत, "लाईन कोणी धरलीय?" मी फाईल चाळत बसले.

१९ एप्रिल
ऑर्डर आली!! साहेबांनी पेढे वाटले. सॉक्सचं कबूल केलं, तर "कामाप्रमाणे प्रोटोकॉल, हे मी पहिल्यापासून सांगतोय," म्हणाले. धन्य! माझा पर्मनंटचा कागद टाईप करायला मलाच दिला. सही उद्या-परवा.

२१ एप्रिल
हेडऑफिसचा मेल आला, झटक्यात. 'सुप्याहून ड्रॉईंग इतक्या सहज येतं, तर पुण्याहून सुप्यालाही जाईल. यापुढे ड्रॉईंग पुण्यातच काढली जातील. सुप्याची ट्रेनीची जागा रद्द.'
साहेबांसाठी प्रिंट मीच काढली.